पांढऱ्या रक्तातला पंडुरोग



आजाराला नाव देणारा माणूस पुढच्या पिढ्यांनी कुठे पाहायचे हेही नकळत ठरवून जातो. १८४५ साली एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्शो या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे एकाच प्रकारच्या मृत्यूचे वर्णन छापले. पाणथरी अवाढव्य वाढलेली, आणि रक्त पुवासारखे दाट व फिकट. बेनेटला ते रक्त पिकल्यासारखे वाटले. हा पू नाही, रक्तातल्याच रंगहीन पेशी बेसुमार वाढल्या आहेत, हे विर्शोने ओळखले आणि १८४७ साली ग्रीक शब्द जोडून नाव दिले ल्युकेमिया, म्हणजे पांढरे रक्त. नाव नेमके होते. पण तेव्हापासून सगळ्यांची नजर पांढऱ्या पेशींवर खिळली ती आजतागायत. रुग्ण मात्र पांढऱ्या पेशी वाढल्याची तक्रार घेऊन येत नाही. जिना चढताना धाप लागते, चेहरा ओढल्यासारखा दिसतो, दोन घास खाल्ले की पोट भरते, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड लागते, असे तो सांगतो. या तक्रारी तांबड्या रक्ताच्या उणिवेच्या आणि पाणथरीच्या आहेत. आपल्याकडे रक्ताच्या या उणिवेला पंडुरोग म्हणतात आणि पांडु म्हणजेही फिकटच. एका नावातला पांढरेपणा पेशींचा आहे, दुसऱ्यातला कातडीचा. पहिला पांढरेपणा दुसऱ्याला कसा जन्म देतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मी बोलणार आहे ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या एका आजाराबद्दल. डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात. या आजारातला पंडुरोग जागेच्या टंचाईतून येतो, ही समजूत सर्वत्र आहे. माझे म्हणणे असे आहे की तो मुख्यतः मज्जेच्या चुकलेल्या निवडीतून आणि पाणथरीने केलेल्या साठवणीतून येतो, आणि हा फरक रुग्णाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे.

आधी निरोगी शरीराचा हिशेब पाहू. माणसाच्या अंगात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. एक पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून हाडांच्या पोकळीतल्या मज्जेला दर सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडाव्या लागतात, झोपेतसुद्धा. तरीही निरोगी मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर पांढऱ्या पेशी घडवणारी बाजू तांबड्या बाजूच्या तिप्पट दिसते, कारण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अल्पायुषी असतात आणि त्या सतत नव्याने घडवाव्या लागतात. सीएमएलमध्ये हेच प्रमाण दहास एक, कधी तिसास एकपर्यंत जाते. रक्तात एका मायक्रोलिटरला चार ते अकरा हजार असायच्या त्या पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे जातात. हिमोग्लोबिनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पुरुषांसाठी १३ आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी १२ ग्रॅम प्रति डेसिलिटर आहे. पांढऱ्या पेशी जितक्या जास्त आणि पाणथरी जितकी मोठी, तितके हिमोग्लोबिन या मर्यादेच्या खाली, असे निदानाच्या वेळी वारंवार आढळते.

हे आकडे समोर ठेवले की एक उत्तर आपोआप ओठांवर येते. शेतात तण माजले की पीक दबते, तसे मज्जेत पांढऱ्या पेशींची गर्दी झाली आणि तांबड्यांना जागा उरली नाही. रुग्णाला समजावताना हा दृष्टान्त सर्रास वापरला जातो आणि तो सोपा आहे हे मान्य. पण त्याच रुग्णाच्या त्याच तपासणीच्या कागदावर एक आकडा असतो, जो या दृष्टान्ताला जुमानत नाही. तो आकडा प्लेटलेटचा. आजाराच्या सुरुवातीच्या, संथ अवस्थेत प्लेटलेट बहुधा कमी नसतात. त्या नेहमीइतक्या तरी असतात किंवा वाढलेल्या, कधी कधी दहा लाखांच्याही वर गेलेल्या. प्लेटलेट ज्या पेशींपासून सुटतात त्या मज्जेतल्या सर्वांत थोराड पेशी होत. या आजारात त्या थोड्या ठेंगण्या दिसतात, पण संख्येने भरपूर असतात. जागाच संपली असती तर ज्यांना सर्वाधिक जागा लागते त्यांची अडचण आधी झाली असती. त्यांना जागा मिळते आणि तांबड्यांना मिळत नाही, हे गर्दीच्या न्यायाने सांगता येत नाही. दुसरे असे की मज्जा काही ठरावीक मापाचे भांडे नाही. तांबड्या पेशी वेळेआधी फुटण्याच्या आजारांत तीच मज्जा आपल्यातली चरबी हटवून तांबड्या पेशींचे उत्पादन सहा ते आठ पटींनी वाढवून दाखवते. सीएमएलमध्येही मज्जेतली चरबी जवळजवळ नाहीशी होते, रक्तनिर्मिती पाणथरीत आणि यकृतातही पसरते. एवढा विस्तार होतो, पण त्याचा वाटा तांबड्या बाजूला मिळत नाही. प्रश्न वाटणीचा आहे.

ही वाटणी कोण करते हे कळायला एक शतकाहून अधिक काळ जावा लागला. १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली शिकागोत जॅनेट राउली यांनी दाखवले की ते नुसते तुटलेले नाही. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना दिले आहेत. त्या सांध्यावर दोन जनुके जुळून एक नवे जनुक तयार होते, बीसीआर-एबीएल, आणि त्यापासून बनणारे प्रथिन पेशीला वाढीचा आदेश अखंड देत राहते. हा इतिहास बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. माझ्या युक्तिवादाला मात्र या दोन शोधांच्या मधल्या काळातला, कमी बोलला गेलेला एक पुरावा अधिक मोलाचा आहे. १९६१ साली मेरी लायन यांनी मांडले की स्त्रीच्या प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक मिटलेले राहते, कुठले ते पेशीगणिक नशिबावर असते, आणि त्या पेशीच्या साऱ्या वंशात तेच मिटलेले राहते. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराचे जनुक एक्सवर असते. एखाद्या स्त्रीला आईकडून त्याचा एक प्रकार आणि वडिलांकडून दुसरा मिळाला असेल तर तिच्या अंगात दोन्ही प्रकारच्या पेशींचे मिश्रण दिसले पाहिजे. सिएटलमध्ये फिलिप फियाल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली सीएमएल झालेल्या अशा स्त्रिया तपासल्या. त्यांच्या कातडीत दोन्ही प्रकार सापडले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एकच प्रकार सापडला, म्हणजे त्या साऱ्या एकाच पूर्वज पेशीच्या वंशातल्या होत्या. इथपर्यंत अपेक्षित होते. पण त्यांच्या तांबड्या पेशींतही तोच एक प्रकार निघाला.

या शोधावर थोडे थांबायला हवे, कारण तणाचा दृष्टान्त इथेच मुळापासून उखडला जातो. तण आणि पीक वेगवेगळ्या बियांचे असतात. इथे बी एकच आहे. बिघाड पांढऱ्या पेशीत झालेलाच नाही. तो तिच्या कितीतरी पिढ्या आधीच्या मूळपेशीत झाला आहे, जिच्यापासून पांढऱ्या, तांबड्या आणि प्लेटलेट या तिन्ही शाखा फुटतात. आजार पुढे गेल्यावर रुग्णाला जगवणाऱ्या तांबड्या पेशीदेखील बहुतांशी त्याच बिघडलेल्या घराण्यातून आलेल्या असतात. परक्यांनी घरच्यांना हुसकावून लावले असे इथे झालेले नाही. घराण्याने आपल्या मालमत्तेची वाटणीच बदलली आहे.

यावर एक रास्त आक्षेप असा की वाढीचा आदेश देणारे प्रथिन तांबड्या शाखेतही असेल, तर तीही फोफावायला हवी, ती का रोडावते? या आक्षेपाचे उत्तर प्रयोगशाळेतल्या वसाहतींनी दिले आहे. रुग्णाच्या रक्तातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या तर तांबड्या शाखेच्या अगदी सुरुवातीच्या पूर्वज पेशींच्या वसाहती निरोगी माणसापेक्षा जास्त उगवतात. बीज भरपूर आहे, पण कापणी तुटपुंजी आहे. म्हणजे नुकसान मधल्या वाटेवर होते. पांढऱ्या शाखेच्या पूर्वज पेशी वाढीच्या बाहेरच्या संदेशांची फारशी वाट न पाहता पुढच्या पिढ्या काढत जातात. तांबड्या पेशीचा प्रवास मात्र लांब आणि शिस्तीचा आहे. मूत्रपिंडाने पाठवलेले एरिथ्रोपोएटिन हवे, ठरावीक वेळी लोह हवे, हिमोग्लोबिन भरून केंद्रक टाकून देण्याची कामगिरी हवी. नुसत्या वाढीच्या आदेशाने हे साधत नाही. विभाजन वाढवणारा संदेश आणि परिपक्वतेला नेणारा संदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीएमएलमध्ये पहिला बेफाम सुटतो, दुसरा त्याच्याबरोबर वाढत नाही.

आता पाणथरीकडे वळतो. निरोगी पाणथरी मुठीएवढी, दीडशे ते दोनशे ग्रॅमची. या आजारात ती बेंबीपर्यंत, कधी तिच्याही पलीकडे पोहोचते. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींपैकी फार थोड्या कुठल्याही क्षणी पाणथरीत असतात. वाढलेल्या पाणथरीत मात्र साऱ्या साठ्याचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त अडकून पडतो. तिथल्या अरुंद वाटांतून रक्त रेंगाळत जाते, पेशी झिजतात, काही वेळेआधीच मोडीत निघतात. याहूनही दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी की मोठ्या पाणथरीच्या रुग्णांत रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हिमोग्लोबिनचा आकडा हा एका डेसिलिटरमागे किती ग्रॅम असा असतो. ते प्रमाण आहे, एकूण साठा नव्हे. ताकात पाणी वाढवले की दही तेवढेच राहून ताक पातळ होते, तसे इथे होते. आकडा ९ दाखवत असेल तेव्हा अंगातल्या एकूण तांबड्या पेशी त्या आकड्यावरून वाटतात तितक्या कमी असतीलच असे नाही. काही अडकलेल्या असतात, उरलेल्या पातळ झालेल्या असतात. फक्त मज्जेत सुई टोचून या पंडुरोगाचा पुरा हिशेब लागत नाही तो यामुळे.

मग पाणथरीच काढून टाकावी, असे कुणी म्हणेल. तसे करून झाले आहे. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत युरोपात यावर पद्धतशीर चाचण्या झाल्या आणि लवकर पाणथरी काढल्याने आयुष्य वाढत नाही असा निष्कर्ष निघाला. मी याला माझ्या म्हणण्याविरुद्धचा पुरावा मानत नाही. पाणथरी पंडुरोग वाढवते, पण तिला वाढवणारा बिघाड मूळपेशीत असतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. याच्या उलट दिशेचा पुरावा आणखी जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वाढलेल्या पाणथरीवर क्ष-किरण सोडण्याचा उपचार सुरू झाला. पाणथरी आकसायची, पांढऱ्या पेशी उतरायच्या, आणि मागोमाग हिमोग्लोबिन चढायचे. मज्जेवर थेट किरण न सोडताही! पन्नासच्या दशकात बुसल्फान आले, पुढे हायड्रॉक्सियुरिया आले. बुसल्फान घेणारे रुग्ण किरण घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ जगतात, हे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने १९६८ साली दाखवले. या औषधांपैकी एकही तांबड्या पेशी वाढवण्यासाठी बनलेले नव्हते. उलट ती मज्जेला दाबणारी औषधे होती, आणि मज्जेला दाबल्यावर पंडुरोग सुधारत होता! वाटणी बिघडली आहे हे मान्य केल्याखेरीज हा विरोधाभास सुटत नाही.

आजार उपचाराविना राहिला तर तीन ते पाच वर्षांत वेग धरतो, आणि शेवटी रक्तात किंवा मज्जेत अपक्व पेशींचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाते. या अवस्थेत मात्र गर्दीचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते. पेशी परिपक्व होणेच थांबते, मज्जेत तंतूंचे जाळे पसरू शकते, प्लेटलेटही घसरतात, रक्तस्राव होतो आणि पंडुरोग खोल जातो. जो दृष्टान्त शेवटच्या अवस्थेला लागू आहे तो पहिल्या अवस्थेवर लादला गेला, अशी माझी समजूत आहे. याचा एक वाईट परिणाम म्हणजे सुरुवातीलाच हिमोग्लोबिन ८ पाहून घरचे हबकतात आणि सगळे संपले असे धरून चालतात. सुरुवातीच्या अवस्थेतला पंडुरोग हा परत फिरणारा पंडुरोग आहे.

हबकलेल्या घरातून पुढची मागणी ठरलेली असते, रक्त चढवा. इथे कारण जाणणे हा जिवाचा प्रश्न होतो. पांढऱ्या पेशी काही लाखांवर असताना रक्त आधीच घट्ट झालेले असते. डोळ्याच्या पडद्यात, मेंदूत, फुप्फुसात बारीक वाहिन्या तुंबू शकतात. अशा वेळी कमी झालेल्या तांबड्या पेशी रक्ताचा घट्टपणा काही प्रमाणात सावरून धरतात. त्यात पिशव्यांमागून पिशव्या रक्त ओतले तर आकडा सुधारतो आणि रुग्ण बिघडू शकतो. म्हणून जाणते डॉक्टर जिवाला तातडीचा धोका नसेल तर आधी पांढऱ्या पेशी खाली आणतात आणि रक्त चढवण्याबाबत हात आखडता घेतात. हा कंजूषपणा नाही, ही काळजी आहे, हे नातेवाइकांना समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे आणि ती टाळली जाऊ नये.

आणखी एक आक्षेप आपल्या देशातूनच येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. जिथे निम्म्याहून अधिक स्त्रियांत पंडुरोग आहे, तिथे एखादीचा पंडुरोग ल्युकेमियाचा आहे हे ओळखायचे कसे, आणि ओळखून वेगळे काय करायचे? शिवाय पाश्चात्त्य देशांत हा आजार साठीच्या पुढेमागे गाठतो, आपल्याकडे चाळिशीच्या आसपास. म्हणजे पाळी असलेली, बाळंतपणे झालेली, शेतात किंवा कारखान्यात राबणारी बाई ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या खात असते आणि तिचा फिकेपणा सर्वांच्या सवयीचा झालेला असतो. म्हणूनच केवळ हिमोग्लोबिन मोजून थांबू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. पूर्ण सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सर्व पेशींची मोजणी, करायला फार खर्च येत नाही आणि उत्तर बहुतेक वेळा त्याच कागदावर असते. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या होतात. सीएमएलच्या पंडुरोगात त्या आकाराने आणि रंगाने साधारण नेहमीसारख्याच राहतात, फक्त संख्येने कमी पडतात. बाजूच्या ओळीत पांढऱ्या पेशींचा आकडा असतोच. दोन्ही कारणे एकाच बाईत एकत्र असू शकतात, आणि आपल्याकडे ती बरेचदा असतात. अशा वेळी पंडुरोग अपेक्षेपेक्षा खोल असतो आणि दोन्हींवर उपचार लागतात. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही पंडुरोग होतो, पण त्याबाबतची फसगत वेगळीच आहे. या आजारात बी-१२ ला धरून ठेवणारे एक प्रथिन पांढऱ्या पेशींकडून अमाप तयार होते. परिणामी रक्तातले बी-१२ प्रचंड वाढलेले दिसते, आणि खरोखरची कमतरता असलीच तर ती त्या आकड्यामागे झाकली जाते.

शेवटचा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता गोळी आहे, मग कारणांची एवढी चिरफाड कशाला? गोळी आहे हे खरे, आणि ती मानवाच्या बुद्धीने दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी एक आहे. ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली इमॅटिनिबची माणसांवरची चाचणी सुरू केली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचे रक्त पूर्ववत झाले. २००१ साली अमेरिकेत ती गोळी मंजूर झाली. भारतात तिच्या पेटंटचा वाद १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि स्वस्त पर्यायांची वाट मोकळी राहिली. ही गोळी बीसीआर-एबीएल प्रथिनाचे काम रोखते. तिने वाटणी दुरुस्त होते, पाणथरी आत सरकते, हिमोग्लोबिन वर येते. पण हीच गोळी पंडुरोग निर्माणही करते. बिघडलेले घराणे मागे हटते तेव्हा वर्षानुवर्षे दबून राहिलेल्या निरोगी मूळपेशींना काम हाती घ्यायला काही आठवडे, काही महिने लागतात आणि त्या फटीत तिन्ही प्रकारच्या पेशी उतरू शकतात. शिवाय ही गोळी किट नावाच्या आणखी एका प्रथिनालाही अडवते. अंगावर पांढरे ठिपके असलेली आणि जन्मजात पंडुरोगी असलेली उंदरांची एक जात शास्त्रज्ञांना दीर्घकाळ माहीत होती. तिच्यात बिघडलेले जनुक किटचेच आहे, हे १९८८ साली सिद्ध झाले. रंगपेशी आणि तांबड्या पेशींचे पूर्वज, दोघांनाही किटची गरज लागते. इमॅटिनिब घेणाऱ्या अनेकांचा, विशेषतः आपल्यासारख्या सावळ्या लोकांचा रंग उजळतो आणि हिमोग्लोबिन थोडे खाली रेंगाळते, त्यामागे हेच एक कारण आहे. उजळलेल्या रंगाला घरचे लोक तब्येत सुधारल्याची खूण समजतात किंवा पंडुरोग बळावल्याची. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

तेव्हा हिमोग्लोबिन ९ हा एकच आकडा निदानाच्या दिवशी चुकलेल्या वाटणीचा आणि भरलेल्या पाणथरीचा असतो. तिसऱ्या महिन्यात तो औषधाने पडलेल्या फटीचा असू शकतो आणि बहुधा धीर धरावा लागतो. पाचव्या वर्षी, पांढऱ्या पेशी आणि बीसीआर-एबीएलची चाचणी ताब्यात असताना आणि डोस बदललेला नसताना तो अचानक ९ झाला, तर आजार उलटला असे घाईने म्हणू नये आणि चालू गोळी मनानेच बंद करू नये. अशा वेळी मूळव्याध विचारावी, पाळीचा रक्तस्राव विचारावा, शौचाचा रंग विचारावा, पोटातले जंत तपासावेत, रुग्ण इमॅटिनिबऐवजी डॅसाटिनिब या तशाच गोळीवर असेल तर आतड्यातून रक्त जाते आहे का ते पाहावे, लोह मोजावे. या वेळी बहुधा ल्युकेमिया निर्दोष असतो, आणि त्याच लोहाच्या साध्या गोळ्या, ज्या पहिल्या दिवशी एकट्या पुरल्या नसत्या, आता लागू पडतात.